तोंडी येतं, वहीत चुकतं

पत्र

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत नववी-दहावीला गणित आणि विज्ञान शिकवते. गाव बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात. अ तुकडी सेमी, ब तुकडी मराठी माध्यमाची. ब मधली निम्मी लेकरं ऊसतोडीच्या घरची. दिवाळी झाली की त्यातली काही आईबापांसोबत कारखान्यावर जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात. टनावरची मजुरी, मुकादमाची उचल, सोयाबीनच्या कट्ट्यांचा हिशेब ही लेकरं तोंडी करतात. वहीत मात्र कंस आला की घोटाळा. एकाला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, ते हिशेब येगळे, हे गणित येगळं."

प्रशिक्षणात सांगितलं होतं, उदाहरणं जीवनाशी जोडा. मी सफरचंदांच्या जागी ऊस आणला, पण गुण तेवढेच राहिले. यंदा डायटला, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेला, कृतिसंशोधन (आपल्याच वर्गातल्या अडचणीवर शिक्षकानं केलेला छोटा अभ्यास) द्यायचं आहे. अ तुकडीला नेहमीच्या पद्धतीनं आणि ब तुकडीला कृतियुक्त पद्धतीनं शिकवून तुलना करावी, असं डोक्यात आहे. मुख्याध्यापक म्हणतात, नसते उद्योग कशाला, पोर्शन संपवा आणि सराव घ्या. गणित-विज्ञान कसं शिकवावं यावर जगभर एवढं संशोधन होतं म्हणतात. त्यातलं काही माझ्या वर्गात चालेल का?

— एक शिक्षिका, धारूर तालुका

उत्तर

मॅडम, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य त्या पोराचं आहे. तो जे एका दमात बोलून गेला, ते नीट मांडायला संशोधकांना चाळीस वर्षं लागली.

१९८५ साली ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तीन संशोधकांनी रस्त्यावर नारळ, भाजी विकणारी पाच पोरं गाठली. गिऱ्हाईक बनून गेले आणि भाव विचारले. चार नारळांचे किती? पस्तीसचा एक. पोरगा म्हणाला, तिनाचे एकशे पाच, वर तीस म्हणजे एकशे पस्तीस, अजून पाच, एकशे चाळीस. मग काही दिवसांनी त्याच पोरांना तीच आकडेमोड कागद-पेन्सिल देऊन सोडवायला सांगितली. पस्तीस गुणिले चार. "चार पंचे वीस, हातचे दोन. दोन आणि तीन पाच, चार पंचे वीस." उत्तर दोनशे! बाजारात ९८ टक्के उत्तरं बरोबर होती, शब्दांत घातलेल्या उदाहरणांत ७४ टक्के आणि नुसत्या आकडेमोडीत ३७ टक्के.

पाचच पोरं होती, म्हणून कुणी म्हणेल की एवढ्यावरून काय ठरवायचं. तर २०२५ मध्ये अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांचा अभ्यास छापला. तिथंही तेच दिसलं: बाजारातले अवघड हिशेब तोंडी बरोबर, शाळेच्या पद्धतीनं मांडलेली सोपी गणितं चूक. या अभ्यासाची दुसरी बाजू मात्र फारसं कुणी सांगत नाही. नुसती शाळेत जाणारी, बाजाराचा अनुभव नसलेली मुलं उलटी अडकली. त्यांना पुस्तकातली गणितं तुलनेनं बरी आली, बाजारातला हिशेब जमला नाही. म्हणजे इकडचं तिकडे आपोआप जात नाही, आणि तिकडचं इकडेही येत नाही. तुमच्या अ तुकडीतल्या हुशार पोरांना एकदा आडत-हमालीसकट सोयाबीनची पट्टी काढायला सांगून बघा.

ऊस आणूनही गुण का हलले नाहीत, ते इथं कळतं. तुम्ही वस्तू बदलली, पण हिशेबाची रीत पुस्तकाचीच ठेवली. त्या लेकरांचा ऊस वर्गात आला आणि त्यांची रीत दाराबाहेरच राहिली.

ती रीत आत कशी आणायची? टनाला ३६६ रुपये दर धरा आणि सात टनांचे किती ते ब तुकडीत विचारा. कुणीतरी असं म्हणेल: साडेतीनशे सात वेळा म्हणजे चोवीसशे पन्नास, सोळा सत्ते एकशे बारा, पंचवीसशे बासष्ट. तो जे बोलला ते तसंच्या तसं, त्याच क्रमानं फळ्यावर लिहा. सुधारू नका, उभा गुणाकार मांडू नका. मग विचारा, साडेतीनशेला सातनं गुणलंस, ते ठीक, पण सोळाला पुन्हा सातनं का गुणलंस? तो तुमच्याकडं खुळ्यासारखं बघेल, कारण त्याच्या लेखी हा प्रश्नच नाही. सोळा रुपये काय एकाच टनाला मिळतात?

आता दर खोडा. म्हणा, मागच्या वर्षीचा दर मला ठाऊक नाही, त्याला क म्हणू. यंदा सोळा रुपये वाढले. सात टनांचे किती? ७(क + १६). इथं जो ७क + १६ लिहील, त्याला चूक म्हणू नका. एवढंच विचारा की सहा टनांची वाढ कुणी खाल्ली. ऊसतोडीच्या घरात या प्रश्नाचं उत्तर द्यायला पुस्तक लागत नाही. वितरण गुणधर्माचं नाव त्यानंतर सांगा, किंवा दुसऱ्या दिवशी सांगितलं तरी बिघडत नाही.

पण तिथंच थांबू नका. दिल्ली-कोलकात्याचा धडा असा, की रुपयात कळलं म्हणून कोऱ्या राशीत कळेलच असं नाही. त्याच तासात ४(म + ९) आणि ३(२प + ५) ही रुपया-टनाशिवायची उदाहरणं घ्या, आणि मग उलटं करा: ५(न + २०) ला शोभेल अशी मजुरीची गोष्ट लेकरांनाच रचू द्या. कंसाला कंसानं गुणायची वेळ आली की मजुरी पुरत नाही. तिथं आयताकृती वावर घ्या, लांबी एक कंस आणि रुंदी दुसरा, आणि त्याचे चार तुकडे पाडा.

एक खड्डा मात्र आधीच सांगून ठेवतो. तोंडी हिशेब जसा बोलला तसा लिहिला की फळ्यावर हे उमटतं: ३५० × ७ = २४५० + ११२ = २५६२. ऐकायला ठीक, लिहायला साफ चूक, कारण ३५० × ७ काही २५६२ नाही. लेकरं बरोबरचं चिन्ह 'आता उत्तर आलं' अशा अर्थानं वापरतात. आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत सहावीच्या १४५ मुलांना ८ + ४ = ☐ + ५ हे विचारलं, तर सगळ्यांनी चौकटीत १२ किंवा १७ भरलं. सात एकानंही लिहिलं नाही. १९९९ मध्ये हे छापून आलं. हा एक प्रश्न उद्याच तुमच्या नववीला द्या, अ आणि ब दोन्हींना. ज्याला = म्हणजे दोन्ही बाजू सारख्या हे उमगलेलं नाही, त्याच्यासाठी दोन चलांतील रेषीय समीकरणं हा नुसता पाठांतराचा धडा आहे. 'पद पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं' हा मंत्र त्याला तारत नाही, उलट बुडवतो.

अक्षरांचंही तसंच. एका मुकादमामागं वीस कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या वीस जोड्या. मुकादमांची संख्या म, कोयत्यांची क. समीकरण मांडा. बरीच जण २०क = म लिहितील, कारण ते 'वीस कोयते, एक मुकादम' असं डावीकडून उजवीकडं वाचतात आणि क म्हणजे कोयता समजतात, कोयत्यांची संख्या नाही. यात तुमच्या लेकरांनी कमीपणा मानायचं कारण नाही. अशाच घाटाचा विद्यार्थी-प्राध्यापकांचा प्रश्न अमेरिकेत अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला विचारला होता, तिथं ३७ टक्के चुकले. बहुतेकांनी समीकरण उलटंच लिहिलं होतं. तेव्हा क साठी केळी आणि स साठी सफरचंद असं बीजगणित शिकवणाऱ्या प्रशिक्षकाला माझा नमस्कार सांगा आणि पुढं चला.

आता विज्ञान. इथं माझं म्हणणं जवळजवळ उलटं आहे.

गणितात लेकरांचं घरचं ज्ञान बरोबर असतं, शाळा ते ओळखत नाही. बल आणि गतीत मात्र घरचं ज्ञान चुकीचं असतं, आणि त्याला सबळ कारण असतं. बैल ओढायचे थांबले की गाडी थांबते, म्हणजे गती हवी तर बल हवं. हे त्यांनी हजार वेळा पाहिलंय. बल लागलं नाही तर चालती वस्तू तशीच चालत राहते, हा न्यूटनचा पहिला नियम त्यांना खोटाच वाटणार. परीक्षेपुरता लिहितील, विश्वास ठेवणार नाहीत. इब्राहिम हलून आणि डेव्हिड हेस्टेनिस यांनी १९८५ मध्ये विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलांना तपासलं, तेव्हा सत्रभराच्या नेहमीच्या शिकवणीनंतरही या समजुती फारशा हलल्या नव्हत्या. शिक्षक नामांकित असला तरी फार फरक पडला नव्हता. म्हणून विज्ञानात 'जीवनाशी जोडा' हे वाक्य डोळे झाकून घेऊ नका. बैलगाडी जोडलीत तर चुकीची समजूत आणखी पक्की होईल. बैलगाडी आणायचीच तर घर्षणासकट आणा. मातीत, डांबरी रस्त्यावर आणि वंगण घातलेल्या आसावर तीच गाडी किती पुढं जाते, असा प्रश्न घेऊन आणा.

धाराविद्युतचंही बघा. दोन सारखे टॉर्चचे बल्ब एकसर जोडणीत लावले तर कोणता जास्त उजळेल? लेकरं म्हणतील पहिला, कारण पहिल्यानं वीज 'खाल्ली' की दुसऱ्याला कमी उरते. आपण काय करतो? जोडणी करून दाखवतो, दोन्ही सारखे पेटले म्हणतो आणि पुढं जातो. हार्वर्डमध्ये एरिक मझूर यांच्या गटानं २००४ मध्ये दाखवलं की नुसतं प्रात्यक्षिक पाहणारी मुलं ते न पाहिलेल्यांपेक्षा जेमतेम पुढं असतात. आधी काय होईल ते स्वतः सांगून मग पाहणाऱ्यांचा फायदा स्पष्ट दिसतो. तेव्हा बटण दाबायच्या आधी प्रत्येकाला वहीत अंदाज लिहायला लावा, हात वर करून मतं मोजा, ती फळ्यावर मांडा. दोन-तीन मिनिटं जातात. बल्ब एकाच जातीचे, एकाच दुकानातले घ्या आणि आदल्या दिवशी तपासून ठेवा, नाहीतर एक मंद निघायचा आणि लेकरांचीच बाजू खरी ठरायची!

आता तुमच्या कृतिसंशोधनाबद्दल. अ आणि ब ची तुलना करू नका.

बी.एड., एम.एड.च्या ग्रंथालयात 'अमुक पद्धतीच्या परिणामकारकतेचा अभ्यास' या मथळ्याच्या प्रबंधांनी कपाटं भरलेली असतात. नियंत्रित गट, प्रायोगिक गट, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, आणि दोन गटांतला फरक योगायोगाचा नाही हे दाखवायला संख्याशास्त्रातलं टी मूल्य. मी चाळलेल्या अशा प्रबंधांत नवी पद्धत हरल्याचं मला आठवत नाही. कशी हरेल? शिकवणारी तीच, उत्साह एकाच गटाकडं, आणि चाचणी शिकवल्याच्या दुसऱ्या दिवशी. तुमच्या बाबतीत तर दोन्ही तुकड्या मुळातच वेगळ्या आहेत: माध्यम वेगळं, हजेरी वेगळी, घरं वेगळी. गुणांत फरक पडला काय किंवा न पडला काय, तो कशामुळं हे तुम्हाला कधीच सांगता येणार नाही. शिवाय चांगलं वाटतं ते एका तुकडीला मुद्दाम द्यायचं नाही, हेही मला पटत नाही.

त्याऐवजी एकच चूक धरा. कंसाची धरा. दोन्ही तुकड्यांना सात-आठ प्रश्नांची छोटी चाचणी द्या, गुण देऊ नका, आणि उत्तरपत्रिका बरोबर-चूक अशा न लावता चुकीच्या जातीप्रमाणं लावा. ७क + १६ लिहिणारे एका गठ्ठ्यात, २३क लिहिणारे दुसऱ्यात, कोरं सोडणारे तिसऱ्यात. मग प्रत्येक गठ्ठ्यातली दोन, अशी सहा लेकरं निवडा आणि एकेकाशी दहा मिनिटं बोला. ऑस्ट्रेलियात अ‍ॅन न्यूमन यांनी १९७७ मध्ये यासाठी एक साधा क्रम सुचवला होता: प्रश्न मोठ्यानं वाच, काय विचारलंय ते सांग, कसं करणार ते सांग, करून दाखव, उत्तर लिही. गंमत अशी की बऱ्याचदा गाडी आकडेमोडीच्या आधीच घसरलेली सापडते, वाचण्यात किंवा समजण्यात. आपल्याकडे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात व्ही. जी. कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी पाठ्यपुस्तकाची भाषा सोपी करण्याचं काम याच कारणानं हाती घेतलं होतं. ते केंद्र १९७४ पासून हेच प्रश्न घेऊन बसलंय. तुमच्या सेमीच्या तुकडीत ही पहिली पायरी जरूर तपासा. तिथं प्रश्न इंग्रजीत वाचला जातो, विचार मराठीत होतो, आणि आपण शिक्षक मात्र 'गणित कच्चं आहे' असा शेरा मारून मोकळे होतो.

बोलताना एक पथ्य पाळा. प्रश्न विचारून गप्प राहा. अमेरिकेतल्या विज्ञान-शिक्षणाच्या संशोधक मेरी बड रो यांनी सत्तरच्या दशकात वर्गांचं ध्वनिमुद्रण करून मोजलं, तर शिक्षक उत्तरासाठी साधारण एकच सेकंद थांबत होते. थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांबली आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत, वर्गात उभं राहून गप्प बसताना ते संपत नाहीत.

मग सात टनांची रीत दोन्ही तुकड्यांत घ्या. त्याच घाटाची चाचणी लगेच घेऊ नका, तीन-चार आठवडे जाऊ द्या. लगेच घेतली की सगळं छान दिसतं. अहवालात टक्केवारीबरोबर त्या सहा लेकरांचे शब्द आधी आणि नंतर असे लिहा. चार जणांचं बदललं आणि दोघांचं नाही, तर त्या दोघांवर जास्त लिहा. डायटमधल्या एखाद्याला टी मूल्य हवंच असेल तर त्यांना तुमच्या तुकड्यांची हजेरी दाखवा.

ऊसतोडीला जाणाऱ्या लेकरांचं काय, हे तुम्ही थेट विचारलं नाही, पण पत्रात ते आहे. पाच महिने वर्गात नसलेल्या मुलाला कोणती अध्यापन पद्धती लागू पडते, याला संशोधनाकडं उत्तर नाही. तो प्रश्न मजुरीचा आणि हंगामी वसतिगृहाचा आहे, आणि नववीतल्या मुलींच्या बाबतीत त्याहून अवघड. तुमच्या हातात एवढंच: पाडव्याला परतलेल्या लेकराला वर्ग जिथं पोचलाय त्या धड्यावर बसवू नका. वर सांगितलेली छोटी चाचणी आधी त्याला द्या. कदाचित बीजगणितात मागं आणि गुणोत्तर-प्रमाणात पुढं निघेल. पाच महिने त्यानं दुसरं केलंय काय!

राहिले मुख्याध्यापक. सराव घ्या हे त्यांचं म्हणणं खोटं नाही, फक्त सराव कसा घ्यायचा यावर बोलता येईल. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये कॉलेजच्या मुलांना घनफळाची उदाहरणं दिली. एका गटाला एका जातीची सगळी संपवून मग दुसरी, दुसऱ्या गटाला मिसळून. सराव करताना पहिला गट पुढं होता, ८९ टक्के विरुद्ध ६०. आठवड्यानंतर परीक्षा घेतली तर मिसळून करणारे ६३ टक्क्यांवर आणि पहिला गट २० वर. आपला सरावसंच पहिल्या जातीचा असतो: प्रकरण संपलं, त्याच प्रकारची दहा उदाहरणं. लेकराला कोणती रीत लावायची हे ठरवावंच लागत नाही, ते मथळ्यातच लिहिलेलं असतं. बोर्डाच्या पेपरात मथळा नसतो.

तेव्हा सरांना सांगा, सराव तेवढाच घेते, फक्त रोजच्या पाच उदाहरणांतली दोन मागच्या प्रकरणांच्या संकीर्ण प्रश्नसंग्रहातून घेते. सुरुवातीला वह्यांत चुका वाढलेल्या दिसतील, हे त्यांना आधीच बोलून ठेवा, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात ते वही उघडतील आणि तुमचं बंद पडेल. पोर्शन मागं पडत नाही. त्या बिनगुणांच्या चाचणीला एक तास लागेल, सहा लेकरांशी बोलायला मधल्या सुट्ट्या.